हँडल गरगर फिरतंय, वरचा बेडूक मात्र ठिम्म

मुलुंडला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी मुलांना पुठ्ठ्याची हलती खेळणी करायला शिकवते. काम दिसायला सोपं आहे. बुटांच्या खोक्याची चौकट घ्यायची, तिच्यातून एक आडवी बांबूची काडी आरपार घालायची, काडीवर मध्य सोडून भोक पाडलेली चकती बसवायची आणि काडीच्या टोकाला हँडल. चकतीवर टेकलेली उभी दांडी छतातून बाहेर काढायची. हँडल फिरलं की दांडी वरखाली होते आणि तिच्या डोक्यावरचा बेडूक उड्या मारतो. या चकतीला कॅम म्हणतात. भोक मध्यापासून १ सेमी सरकवलं तर बेडूक २ सेमी उडतो, एवढं गणित पाचवीतल्या मुलालाही पटकन कळतं.

आणि तरीही दर वेळी तेच. अकरा वाजता सगळे खूष, साडेबारा वाजता हॉलभर "ताई, माझं फिरतंय पण हलत नाही!" मागच्या जूनमध्ये बावीस मुलं होती आणि घरी जाताना नऊ जणांचे बेडूक ठिम्म. त्यातली एक मुलगी रडली नाही, फक्त खोकं पिशवीत उलटं घालून निघून गेली. ते मला जास्त लागलं.

तुम्हीही शाळेत, शिबिरात किंवा सोसायटीत हा उपक्रम घेत असाल आणि तुमचाही शेवटचा अर्धा तास ग्लू गन घेऊन टेबलाटेबलावर धावण्यात जात असेल, तर पुढचं वाचा. मी दोन वर्षं चुकीच्या जागी उपाय करत होते.

हँडल फिरतं, आत चकती फिरत नाही

दहा तक्रारींपैकी सहा-सात याच असतात, म्हणून इथे जरा थांबते.

माझी पहिली समजूत होती की डिंक कमी पडतो. म्हणून जास्त डिंक. मग ग्लू गनचा डिंक. मग आधी फेविकॉल, त्यावर ग्लू गन. काडीभोवती डिंकाचा एवढा मोठा गोळा व्हायचा की तो चौकटीला घासायचा आणि नवीनच दुखणं सुरू व्हायचं. चकती तरी दहाव्या फेऱ्याला सुटायचीच.

उलगडा केला आमच्या ओळखीच्या एका काकांनी. लालबागचे. तरुणपणी गिरणीत फिटर होते, १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम केलं आणि पुढे बरीच वर्षं गणपतीच्या मंडळांसाठी हलते देखावे जुळवून दिले. मान डोलावणारा हत्ती, तलवार उगारणारा मावळा, सगळं पडद्यामागे मोटर आणि चकत्यांवर. कॅमला ते अजून टॅपेटच म्हणतात, कारण मागावर त्याला तेच नाव. मी त्यांना एक बंद पडलेलं खेळणं दाखवलं. त्यांनी डिंकाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून लाल स्केचपेन काढलं, काडीवरून चकतीवर जाईल अशी एक सरळ रेघ ओढली आणि हँडल तीनदा फिरवलं. रेघ तुटली. काडीवरची अर्धी रेघ वर, चकतीवरची अर्धी बाजूला.

"बघ. चकती जागेवर आहे, काडी आतल्या आत फिरतेय. सायकलच्या पेडलला कॉटरची पाचर कशाला मारतात?"

"घसरू नये म्हणून."

"मग हिला काय मारलंयस? चिकटवलंयस नुसतं. खुंटा हलवून तरी बघितलास का आधी?"

त्या रात्री मी कागदावर हिशेब केला. हँडलचा हात ५ सेमीचा. काडी ३ मिमी जाड, म्हणजे तिची कड मध्यापासून फक्त दीड मिमीवर. ५० भागिले दीड, म्हणजे तेहेतीस पट. मुलाने बोटाने १०० ग्रॅम इतका जोर लावला आणि वर काही अडकलं, तर काडीच्या कडेवरच्या डिंकाला सव्वातीन किलोहून जास्त पेलावं लागतं. कशाच्या बळावर? खोक्याचा पुठ्ठा आतून पोकळ असतो, दोन कागदांच्या मध्ये नागमोडी पन्हळी. भोकात काडीला खरं टेकतं ते त्या दोन कागदांच्या कडांपुरतं. बाकी हवा. म्हणजे आपण गुळगुळीत बांबूला कागदाच्या दोन कडा चिकटवून त्यावर तीन किलो टांगतोय.

चकती मोठी करून उपयोग नाही, उलट भार वाढतो. शेजारी दुसरी छोटी चकती चिकटवूनही फारसा फरक पडत नाही, कारण तीसुद्धा काडीला त्याच दीड मिमीवर धरून असते. काडीच जाड घेतली तर चालेल, पण जाड काडी भोकात जास्त घासते आणि पुठ्ठा फाटतो. हवंय असं की काडी दोन्ही टोकांना बारीक आणि चकतीपाशी जाड.

ते असं करायचं. काडीचा मधला भाग काचकागदाने घासून खरखरीत करायचा. पुस्तकांना कव्हर घालायच्या ब्राऊन पेपरची दीड सेमी रुंद आणि मीटरभर लांब पट्टी कापायची. सुरुवातीच्या पाच-सहा वेढ्यांना फेविकॉल नीट लावायचा, पुढे नुसतं बोट फिरवायचं, शेवटी पुन्हा नीट. पट्टी ताणून गुंडाळत गेलं की काडीवर साधारण १२ मिमी जाडीचा टणक गठ्ठा तयार होतो. आमची मुलं त्याला "फेटा" म्हणतात. काडीला फेटा बांधला का, असं विचारलं की सगळ्यांना कळतं. चकतीचं भोक आता फेट्याच्या मापाचं, जरासं घट्ट. चकती सहा मिमीवर धरली जाते, म्हणजे तो सव्वातीन किलोचा भार साडेआठशे ग्रॅमच्या आत येतो. आणि फेटा स्वतः काडीला दीड सेमी लांबीभर, चहूबाजूंनी चिकटलेला असतो. कडांवर नाही.

हँडलच्या टोकालाही असाच छोटा फेटा लागतो. तिथे पट्टी अर्धी पुरते. हँडल एका पदराचं नको, तीन पट्ट्या एकमेकींवर चिकटवा आणि मधल्या पट्टीच्या पन्हळी आडव्या ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ते शेवयांसारखं मऊ लोंबतं.

फेटा वाळायला पंख्याखाली अर्धा-पाऊण तास लागतो. हा वेळ काढायचा कुठून, ते पुढे सांगते, कारण खरी मेख तिथे आहे.

वर जातं, खाली येत नाही

बेडूक एकदा उडतो आणि झाडावर बसल्यासारखा वरच राहतो. बोटाने दाबला की टपकन खाली. मुलं याला वजन वाढवून उत्तर देतात. कुणी बेडकाच्या पोटाला रुपया चिकटवतं, कुणी हार्डवेअरच्या दुकानातला वायसर. कधी चालतं, कधी नाही.

घरातला जुना लाकडी ड्रॉवर आठवा. एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, मधोमध धरला की सरकन येतो. इथेही तसंच आहे. दांडीच्या खालच्या टोकाला लावलेली गोल टिकली चकतीवर मधोमध टेकली नसेल तर चकती तिला एका बाजूने ढकलते, दांडी छतातल्या नळीत तिरकी होते आणि वरच्या-खालच्या काठांवर आवळली जाते. टिकली जितकी बाजूला सरकलेली आणि नळी जितकी आखूड, तितकी आवळ जास्त. टिकली जितकी सरकलीय त्याच्या निदान दीडपट नळी लांब ठेवा. २ सेमी सरकलेली असेल तर ३ सेमी नळी. पावसाळ्यात ४ ठेवा. माझी मुलं छताच्या पुठ्ठ्यात नुसतं भोक पाडून दांडी घालत होती, म्हणजे नळीची लांबी ३ मिमी! अडकणार नाही तर काय.

टिकली मुद्दाम बाजूला सरकवण्यात गंमतही आहे. चकती तिला उचलते आणि ढकलतेही, त्यामुळे वरची बाहुली उडता उडता गिरकी घेते. फुगडीसाठी हे छान. बेडकासाठी नको.

नळी कशाची, हा मुंबईत आता जरा टेढा प्रश्न आहे. आधी सरबताची प्लॅस्टिकची स्ट्रॉ वापरायचो. १ जुलै २०२२पासून तिच्यावर देशभर बंदी आली आणि दुकानात कागदी स्ट्रॉ आली. कागदी स्ट्रॉ मेमध्ये उत्तम. जुलैत ती दमट हवेने फुगते, आतला पदर सुटतो आणि दांडीला मिठी मारते. मी दोन रविवार वाया घालवल्यावर घरातलीच वस्तू सापडली: रिकामं बॉलपेन. ज्या पेनात जाड रिफिल जरा सैल बसते, त्यात ३ मिमीची काडी तशीच बसते. रिफिल काढा, हॅकसॉच्या पात्याने पेनाचे ४ सेमीचे तुकडे करा, कडा काचकागदाने घासा. हे कापणं मोठ्यांनी करायचं. वाचनालयात एक डबा ठेवलाय, लोक संपलेली पेनं टाकतात. आता इतकी जमलीत की पुढची दोन वर्षं चिंता नाही.

वंगण म्हणून मेणबत्ती. काडीवर चार वेळा घासली की पुरे. तेल नको. एका पठ्ठ्याने आजीकडून खोबरेल तेल आणून सढळ हाताने ओतलं. खेळणं दहा मिनिटं लोण्यासारखं चाललं, मग पुठ्ठ्याने तेल पिऊन टाकलं आणि चौकट पापडासारखी वाकली. शिवाय त्याच्यावर नंतर कुठलाच डिंक बसेना.

फिरवताना जड जातं

दोन भिंतींतली भोकं समोरासमोर नाहीत. मुलं एका भिंतीवर वरून मोजतात, दुसऱ्या भिंतीवर खालून, आणि खोक्याच्या दोन बाजू कधी सारख्या उंचीच्या नसतात. मोजायचंच नाही. चौकट घडी करण्याआधी दोन्ही भिंती एकमेकींवर ठेवायच्या आणि दाभणाने एकाच टोच्यात दोन्ही भोकं पाडायची. हे केल्यापासून ही तक्रार जवळजवळ गेली. भोक मोठं होत जात असेल तर आतून दहीच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा चिकटवा आणि त्यालाच भोक पाडा.

एका दिशेने चालतं, उलटं फिरवलं की अडकतं

शंखासारखी चकती कापली असेल, जी हळूहळू चढते आणि एकदम खाली पडते, तर हे व्हायचंच. उलट फिरवली की टिकली त्या कड्यावर जाऊन आदळते. खेळण्यावर बाण काढा. सात वर्षांखालची मुलं बाण बघत नाहीत, त्यांना गोल किंवा अंड्याच्या आकाराचीच चकती द्या.

मग इतकं सगळं माहीत असून मुलांची खेळणी बंद का पडत होती?

कारण मी सकाळ चुकीच्या टोकाने सुरू करत होते. आधी गोष्ट, मग चित्र, मग बाहुली रंगवणं, मग चौकट, शेवटी यंत्र. मुलं दीड तास बेडकात जीव ओतायची. डोळ्यांना टिकल्या, पाठीवर चकाकी, एकाने तर बेडकाला चष्मा केला होता. आणि मग बारा वाजता, सगळे दमलेले असताना, आई-बाबा दारात उभे असताना, चकती काडीवर बसवायची. त्या वेळी काही अडलं तर ते उघडून बघायची कुणाची छाती होते? सजवलेली पेटी कापायची कशी? मग ग्लू गन. मग आईबाबांपैकी कुणीतरी "दे इकडे, मी करतो" म्हणतं. एकदा एका बाबांनी विचारलं होतं, याचं सर्टिफिकेट मिळतं का? मी म्हटलं, बेडूक उडाला तर देते.

आता क्रम उलटा आहे.

मुलं आल्या आल्या पहिल्या वीस मिनिटांत काडीला फेटे बांधून घेतात. काड्यांवर नाव लिहून त्या पंख्याखाली एका ओळीत. काही कळायच्या आधीच सगळ्यात वेळ खाणारं काम वाळत पडलेलं असतं.

मग ओपीडी. चार टेबलं, चार आजारी खेळणी, प्रत्येकाला एकच दुखणं. एकाची चकती घसरते, एकाची नळी आखूड, एकाची भोकं वाकडी, एक शंखाच्या चकतीचं, उलटं हँडल लावलेलं. ही खेळणी उघडी आहेत, पुढची भिंत नाही, सजावट नाही, आतलं सगळं दिसतं. चारचारच्या गटाने एकेका टेबलावर जायचं आणि काय बिघडलंय ते सांगायचं. हातात लाल स्केचपेन असतंच. मी उत्तर सांगत नाही, आणि खरं सांगते, हे जिवावर येतं. पहिल्याच रविवारी एक नऊ वर्षांचा मुलगा आखूड नळीच्या खेळण्यापाशी सात मिनिटं बसला होता. दांडी वर ढकलायचा, खाली दाबायचा, पुन्हा वर. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्याने दांडी बाजूने न धरता बरोबर टिकलीखाली बोट लावून उचलली, ती अलगद सरकली, आणि तो म्हणाला, "ताई, हिला मधून उचललं की ती शहाणी असते."

ओपीडीला पाऊण तास जातो. तोवर फेटे वाळलेले.

मग प्रत्येकाची स्वतःची उघडी पेटी. चकती डिंक न लावता फेट्यावर घट्ट बसवायची, लाल रेघ मारायची, टिकली ठेवायची आणि वीस फेरे. रेघ अखंड राहिली, दांडी वीसही वेळा खाली आली, तर आणि तरच डिंक. नाही तर ओपीडीत परत. मग बाहुली. बाहुली दांडीवर कपड्यांच्या चिमट्याने लावायची, चिकटवायची नाही, म्हणजे आत काही बिघडलं तर तिला बाजूला काढून ठेवता येतं. चिमट्याचं वजन दांडीला खाली आणायलाही मदत करतं, हे मला नंतर कळलं.

बाहुलीला आता अर्धा तासच उरतो. काही मुलांना हे आवडत नाही, विशेषतः ज्यांना चित्रं छान येतात त्यांना. त्यांची बाजू खरी आहे, त्यांना मी घरी जाऊन दुसरी बाहुली करा म्हणते, चिमटा आहेच. तरी एखादी मुलगी हिरमुसते आणि त्यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही.

मागच्या तीन रविवारी, सगळे मिळून साधारण पन्नास मुलांत, दोन खेळणी बंद घरी गेली. त्यातलं एक रिक्षात कुणीतरी त्यावर बसलं होतं म्हणे, ते मी धरत नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही. देखावा जुळवताना तेही हत्तीला कापड चढवण्याआधी नुसता सांगाडा रात्रभर चालवून बघायचे. कापड चढल्यावर खालचा बोल्ट सैल झाला तर सोंड कापावी लागते, असं ते म्हणाले. टिपू सुलतानासाठी केलेला तो लाकडी वाघ, जो आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, त्याचा मी फोटो त्यांना दाखवला. त्याच्याही कुशीत हँडल आहे. फिरवलं की पडलेल्या शिपायाचा हात हलतो आणि आतल्या भात्यांतून गुरगुर येते. काकांनी फोटो मोठा करून हँडलच्या बुडाशी बघितलं. "इथं कॉटर दिसत नाही," एवढंच म्हणाले, जरा नाराजीने.

ओपीडीतल्या खेळण्यांबद्दल शेवटचं. ती मुलं दुरुस्त करतात, त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा नेमकी बिघडवावी लागतात. घसरणाऱ्या चकतीसाठी फेटा न बांधलेली गुळगुळीत काडी आणि अगदी थेंबभर फेविकॉल, म्हणजे ती दोन फेरे चालते आणि मग सुटते. आधीच सुटलेली ठेवली तर मुलांना लगेच कळतं. वाकड्या भोकांसाठी एक भिंतच निराळी करून ठेवलीय, ती बदलली की झालं. आखूड नळी मी चिकटवत नाही, मास्किंग टेपने लावते, काढघाल सोपी पडते. आणि पेनाचे सुटे तुकडे त्याच टेबलावर एका वाटीत ठेवते, लांब-आखूड सगळे मिसळून.